बिनतळाची गाडी

आमच्या कॉलनीत गाडी एकच होती आणि तिचे डॉक्टर घरटी एक. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन. आम्ही मूळचे सांगलीकडचे, पोटामागं इकडं समुद्राच्या अंगाला येऊन पडलेलो. कॉलनीत सगळेच असे कुठून कुठून आलेले आणि आल्याबरोबर एकमेकांना साहेब म्हणू लागलेले. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. फुकटची जाहिरात नको आणि फुकटची बदनामीही नको. क्रीम रंगाची, गोल दिव्यांची, डहाणूकडच्या एका चिकूच्या बागायतदारानं वापरून वापरून अंगाबाहेर टाकलेली. घरी आली तेव्हाच ती म्हातारी होती. अण्णांनी तिला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. आई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, की लोक घरात सून आणतात, तुम्ही आजेसासू आणलीत. अण्णा हसले नाहीत. गाडीच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

घर दोन खोल्यांचं आणि मागं एक पडवी. त्या पडवीत आईची खानावळ चालायची. पाटीबिटी काही नव्हती. वसाहतीत भाड्याच्या खोल्यांमधून कामगार पोरं दाटीवाटीनं राहायची, कुणी जळगावचा, कुणी बीडचा, कुणी थेट बिहारचा, त्यांचे डबे आई करून द्यायची. पहाटे पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी स्टोव्ह फरफरायला लागायचे आणि मला त्या आवाजानं जाग यायची. मग भाकरी थापल्याचा आवाज, मग लसणाची फोडणी, मग डब्यांच्या कड्या लावल्याचा खडखडाट. सांगलीचा कट आणि खर्डा आईनं सोडला नव्हता, पण बिहारच्या पोरांसाठी भाताचा ढीग आणि पातळ डाळही करायची, आणि नवापूरची मासळीवाली सुके बोंबील घेऊन आली की त्यांची झणझणीत चटणी. पोरं सायकली टेकवून पडवीच्या पायरीशी उभी राहायची, 'मौसी, चावल थोडा जादा' म्हणायची, आणि आई रागावल्यासारखं करून आणखी एक वाढणी घालायची. अण्णांना हे सगळं फारसं पसंत नव्हतं. फोरमनच्या दारात सायकली दिसतात, म्हणायचे. त्या सायकलींच्या जिवावर घरातला किराणा भरतो, हे मात्र त्यांना कधी दिसलं नाही.

बोईसरची हवा तेव्हा कशी होती हे आज सांगून पटायचं नाही. एकीकडून खाडीचा खारा वारा आणि दुसरीकडून धुराड्यांचा आंबूस वास. दोघं मिळून लोखंड जेवायचे. खिडकीचे गज, दाराच्या कड्या, सायकलीची चाकं, सगळ्यावर तांबूस बुरा. वाळत घातलेल्या साडीवर तारेचा गंज उतरायचा तो जन्मात निघायचा नाही. त्या हवेत गाडी उभी, झाडाखाली, उघडी. वरून अण्णा तिला रोज पुसायचे, पण खालून तिला कोण पुसणार? मागच्या सीटसमोर जिथं पाय ठेवतात तिथला पत्रा गंजून त्याची जाळी झाली होती. डबक्यातून गाडी गेली की पाणी खालून आत यायचं आणि आईच्या साडीचा काठ भिजायचा. आईनं तेलाचा डबा फोडून, ठोकून सपाट केला आणि त्या भोकांवर टाकला, वर गोणपाट. अण्णांना हे माहीत नव्हतं असं नाही. आईनं त्यांना दहादा सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि भिजणं वेगळं. पुढच्या सीटवर अण्णा आणि त्यांच्या शेजारी कुणी ना कुणी पुरुषमाणूस. बायका, पोरं, पिशव्या आणि डबे मागं. मागं कधी कुणी पुरुष बसलेला मी पाहिला नाही.

दर रविवारी सकाळी गाडीभोवती कॉलनीतल्या पुरुषांची मीटिंग भरायची. मीटिंग हाच शब्द. कारखान्यात वर्षातून एकदा सगळं यंत्र बंद करून दुरुस्ती काढतात, त्याला शटडाऊन म्हणतात, आणि त्याआधी खातेवार बैठक होते. या लोकांनी तीच पद्धत गाडीला लावली होती. पंप, गिअर, जे जे फिरतं ते मेकॅनिकलचं, म्हणजे अण्णांचं. बॅटरी, डायनॅमो आणि हॉर्न इलेक्ट्रिकलकडं, म्हणजे शेजारच्या देसाईकाकांकडं. हे देसाईकाका रत्नागिरीचे, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात तज्ज्ञाची जीभ. बॉनेट उघडायचं, सगळ्यांनी कमरेवर हात ठेवून आत बघायचं, एकानं ॲक्सिलरेटर दाबायचा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. एखाद्या मैफिलीत बसल्यासारखे माना डोलवायचे. आईनं मागच्या पत्र्याचं काढलं की देसाईकाका समजावणीच्या सुरात म्हणायचे, वहिनी, ते मेकॅनिकलमध्ये येत नाही आणि इलेक्ट्रिकलमध्येही येत नाही, ते स्ट्रक्चर झालं, ते सिव्हिलचं. कारखान्यात जमीन, भिंती, पाया हे सिव्हिल खात्याचं काम असतं. आणि सिव्हिलचा माणूस आमच्या कॉलनीत कुणी राहत नव्हता. म्हणून आमच्या गाडीला तळ नव्हता. एवढी शिकलीसवरली माणसं, पण आपल्या खात्यात येत नाही ते जगातच नाही असं मानायची. उंटावरचे शहाणे, दुसरं काय.

परवा माझ्या जावयाचा असाच दरबार भरला होता. राहतो पालघरात, नव्या इमारतीत, गाडी सहा वर्षांची, आणि ती ठेवावी की बदलावी यावर तो आणि त्याचे दोन मित्र सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये तास न् तास व्हिडिओ बघत होते. पडदा केवढा, छत उघडतं की नाही, कॅमेरे किती. गाडी रोज चालवते माझी लेक. सकाळी पोराला शाळेत सोडून मग मनोरला नोकरीवर जाते. तिला कुणी विचारलंय का म्हणून मी विचारलं, तर जावई म्हणाला, तिला काय, तिला सगळं चालतं. मी गप्प बसले नाही, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर एका वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. गाडीचं इंजिन तेल प्यायला लागलं, मागून निळा धूर, आणि चढावर ती अशी काही धापायची की आपणच उतरून तिला पाणी पाजावं. ही पहिली. दुसरी म्हणजे कॉलनीच्या कार्यालयातून आईला निरोप आला, की कंपनीच्या क्वार्टरमध्ये धंदा करता येणार नाही, दिवाळीपर्यंत खानावळ बंद करा. कुणीतरी तक्रार केली होती, बाहेरची पोरं आवारात येतात म्हणून. कुणी ते आईला कळलं होतं. ती नाव घेत नसे. पण त्या घरी संक्रांतीचा तिळगूळ पुढं गेला नाही.

आई चारच दिवसांत कामाला लागली. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, नवापूर रस्त्याला, एक नवा कारखाना सुरू झाला होता. त्यांना कॅन्टीनला जेवण पुरवणारं कुणीतरी हवं होतं. स्वयंपाकाला त्यांचीच शेड मिळेपर्यंत जेवण बाहेरून करून आणायचं होतं, आणि आईनं त्यासाठी स्टेशनच्या बाजूला एक खोली बघूनही ठेवली. तिथले कामगार अधिकारी म्हणाले, आमच्याकडे सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम आहे, त्या दिवशीचं जेवण करून दाखवा, जमलं तर पुढं रोजचं बघू. आईला मी आयुष्यात इतकी खूश पाहिली नाही. अडचण एकच, रोज एवढी पातेली तिथवर न्यायची कशात? तिनं अण्णांना सरळ सांगितलं, की ही गाडी आता विका, आणि त्यात बोनस घालून एक जुना तीनचाकी टेंपो घ्या. हे झालं नाही तर दिवाळीला चूल विझली, आणि मी नुसती तुमचा डबा भरत बसणार. इतकं स्वच्छ ती बोलली. मी तिथंच पाटावर बसून लसूण सोलत होते.

अण्णा त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी रविवारी मीटिंग बोलावली. विषय आईचा आणि बैठक पुरुषांची. आईनं चहा दोनदा पाठवला. टेंपोचं नाव निघताच देसाईकाकांना हसूच आलं. फोरमनसाहेब टेंपोत बसून बाजाराला जाणार का, म्हणाले. मग एकेकाला गाडीचे उपकार आठवायला लागले, कुणाची बायको बाळंतपणाला हिच्यातूनच पालघरला गेली होती, कुणाच्या मेव्हण्याची वरात हिच्यावरूनच निघाली होती. असं जनावर मोडीत काढायचं? शेवटी ठराव झाला. बोनस इंजिनात घालायचा. इंजिन खाली उतरवून पूर्ण नवं करायचं, म्हणजे गाडी नवीच झाली, आणि वहिनींची पातेलीही हीच नेईल, मागं जागा रग्गड आहे. आईला हे अण्णांनी असं सांगितलं, की जणू तिच्याच मनासारखं झालं होतं. तिनं विचारलं, आणि मागचा पत्रा? अण्णा म्हणाले, "अगं, तो काय फिरतोय का? जे फिरतं ते बिघडतं."

पुढचा महिनाभर घरात रॉकेलचा आणि ग्रीसचा वास. इंजिनाचे भाग मोठ्या परातीत भिजत पडलेले. ती परात आईची कणीक मळायची. अण्णांच्या हाताला कसब होतं हे मी नाकारत नाही. कामावरून यायचे, चहाही न घेता बसायचे, पिस्टनला लहान मुलाच्या पाठीसारखं तेल लावायचे. सुरू झालं तेव्हा इंजिन खरोखर बिनआवाज चालायला लागलं. देसाईकाकांनी पेढे वाटले, आमच्या पैशानं.

सुरक्षा सप्ताहाच्या दिवशी आई पहाटेच्या आधीच उठली होती. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शिरा, भात, आमटी, आणि मठ्ठ्यासाठी ताकाची मोठी बरणी. वाढताना गरम भजी तळायची म्हणून डाळीचं पीठही घेतलं होतं. आमटी सांगलीच्या मसाल्याची, वर तर्री, वासानं सगळी कॉलनी खिडकीत आलेली. डिकीत पुऱ्यांच्या आणि भाजीच्या पाट्या गेल्या, भाताचं पातेलं मागच्या सीटवर माझ्या आणि आईच्या मध्ये, आणि आमटीचं पातेलं, सगळ्यांत जड, खाली गोणपाटावर. आईनं अण्णांना म्हटलं, ते पुढं तुमच्या शेजारी ठेवू. पण पुढं देसाईकाका येऊन बसलेले. कशाला? इंजिन लोडवर कसं चालतं ते ऐकायला. आईच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस आणि हे गृहस्थ पुढच्या सीटवर मांडी ठोकून ऐकायला आले होते. मी पाय वर सीटवर घेऊन बसले.

गाडी निघाली ती झोकात. अण्णा म्हणत होते, ऐका, ऐका, आणि देसाईकाका म्हणत होते, वा, घड्याळ आहे घड्याळ. वसाहतीचे कारखाने मागं पडत चालले आणि नवापूर रस्त्याला एक गतिरोधक लागला, तोही कुणीतरी मुरूम टाकून घरगुती केलेला. पुढची चाकं गेली, मागची गेली, गाडी आपटली, आणि माझ्या डोळ्यांदेखत पातेलं खाली गेलं. पडलं नाही, गेलं. तेलाच्या डब्याचा पत्रा, गोणपाट आणि आमटी, सगळं एकदम रस्त्याच्या स्वाधीन. गरम वाफेचा भपकारा आला, आई आणि मी दोघी सीटवर उकिडव्या, आणि पातेल्याच्या कडा भोकात अडकून ते खालून रस्ता खरवडत आमच्याबरोबर चाललं. काय तो आवाज. अण्णांनी ब्रेक मारला. दोघं पुरुष दोन बाजूंनी उतरले आणि पुढं जाऊन त्यांनी काय केलं असेल? बॉनेट उघडलं.

मी आजपर्यंत हे अनेकांना सांगितलं आणि प्रत्येक बाईनं मान हलवली. एकीलाही खोटं वाटलं नाही.

आई खाली उतरली. रस्त्यावर आमटीचा लांबलचक लाल पट्टा पडला होता आणि कुत्री जमा व्हायला लागली होती. तिनं एकदा त्या भोकाकडं बघितलं, त्यातून खालचा डांबरी रस्ता दिसत होता, आणि पदर खोचून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बोईसरच्या बाजारात मासळी टाकून नवापूरला परत निघालेला एक तीनचाकी टेंपो येत होता. आईनं हात केला. चालवणारा रमण म्हणून नवापूरचाच मच्छीमार होता, त्यानं थांबून सगळं बघितलं आणि म्हणाला, "बसा बाय, आमी तिकडंच चाललो हाय. पन मावऱ्याचा वास येल हां, चालंल ना?"

आई म्हणाली, "वास चालतो. तळ आहे ना?"

त्यानं उरलेली पातेली, पाट्या, बरणी भराभर वर घेतली. अण्णा हातात फडकं घेऊन बॉनेटपाशीच उभे होते. त्यांनी विचारलं, मी काय करू? आई टेंपोत चढता चढता म्हणाली, "तुम्ही इंजिन ऐका." एवढं तोडून ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. मला तेव्हा, खरं सांगते, फार बरं वाटलं.

कारखान्यात पोचल्यावर आईनं मठ्ठ्याचं ताक आणि भज्यांचं पीठ घेतलं आणि त्यांच्या चहाच्या शेगडीवर कढी केली. वर हिंग-जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता त्यांच्याच बागेतला. कामगार अधिकाऱ्यांनी विचारलं, ठरलेली आमटी कुठं आहे? आई म्हणाली, रस्त्यात कमी पडली. मग त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, मासे आहेत का? नाहीत म्हटल्यावर बिचाऱ्यांचा चेहरा पडला. पण कढी दोनदा घेतली. कामगारांनी तर पातेलं निपटलं. आणि मंडपात कुणीतरी साहेब माइकवर सांगत होते, की अपघात अचानक होत नाहीत, सूचनांकडं दुर्लक्ष केलं की होतात. आई पुऱ्या वाढता वाढता तेवढ्यापुरती थांबली आणि पुन्हा वाढायला लागली. काम तिला मिळालं, पुढच्या महिन्यापासून, रोजचं.

त्या रविवारी पुन्हा मीटिंग भरली. विषय, तळाला स्टीलची जाड प्लेट मारावी का. कुठून आणावी, किती जाडीची असावी, यावर मतं भरपूर. पण वाकून, खाली झोपून, गंज खरवडून ती बसवायची कुणी, हे आल्यावर सगळ्यांच्या कमरा दुखायला लागल्या. देसाईकाका म्हणाले, खरं म्हणजे हे काम सिव्हिलचं. आतून चहा आला नाही. अर्ध्या तासात एकेक जण घड्याळ बघून उठला. एक ना धड भाराभर चिंध्या. अण्णा एकटेच गाडीपाशी बसून राहिले. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि त्या भोकाकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात गाडी गेली. सांगाडा भंगारात आणि इंजिन वाणगावच्या एका मिरचीवाल्याकडं, पाणी ओढायच्या पंपाला. ते पुढं कित्येक वर्षं उत्तम चाललं. अण्णा अधूनमधून वाणगावला उतरायचे आणि बांधावर उभे राहून ऐकून यायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात.

गाडीच्या पैशांत आईनं खानावळीतलं साठवलेलं घातलं. टेंपो आला तो जुनाच, आणि चालवायला आईनं रमणलाच ठेवलं. पहिल्या दिवशी अण्णांची सुटी होती. सकाळी पातेली चढवून झाली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून समोर येऊन उभे राहिले आणि मीही येतो म्हणाले. पुढं रमणच्या शेजारी एकाच माणसापुरती जागा, तिथं आई बसलेली. ती उठली नाही. तिनं मागं बोट दाखवलं आणि सांगितलं, पातेली धरा. अण्णा चढले. मीही मागंच होते, भाताच्या पातेल्याला टेकून. सगळा रस्ता अण्णा दोन्ही हातांनी आमटीचं पातेलं मिठी मारल्यासारखं धरून बसले होते. खड्डा आला की झाकणातून रस्सा उडून त्यांच्या शर्टावर यायचा आणि डोकं वरच्या दांडीला लागायचं. कारखान्याच्या दाराशी टेंपो थांबला. अण्णा खाली उतरले, छातीवर तर्रीचा मोठा डाग. आई पुढून उतरून मागं आली, तेव्हा तिच्याकडं बघत ते हळू आवाजात म्हणाले,

"मागं लई हादरतंय की गं."

"हो का?" आई म्हणाली, आणि पातेलं उतरवायला लागली.